रेषेची जाडी आणि मांजराचा राग

व्यंगचित्रातल्या मांजराचा चेहरा एका गोळ्यापासून सुरू होतो. त्यावर एक उभी, एक आडवी मार्गरेषा. डोळे आडव्या रेषेवर, नाक उभ्या रेषेवर जरा खाली. डोके वळले की या रेषा गोळ्याबरोबर वाकतात आणि पलीकडचा डोळा अरुंद दिसतो. मान वर केली तर आडवी रेषा कमानीसारखी उचलली जाते. नवशिके नेमके इथेच चुकतात: चेहरा वळतो, डोळे मात्र समोरून काढल्यासारखेच राहतात.

जाडीचा विचार नंतर. हनुवटीखाली, सावलीच्या बाजूला रेषा ठळक, मिशा बारीक. टाकाच्या लवचीक निबवर दाब दिला की तिची टोके फाकतात, शाई जास्त उतरते. मग भाव: रागावलेल्या मांजराचे कान मागे चपटे होतात. माणसासारख्या भुवया मांजराला नसतात. तरी राग दाखवायला व्यंगचित्रकार त्या खुशाल काढतात.