नियम कोणी केले, हे विचारणे म्हणजे कट नव्हे!

खेळावर कसली आली परिषद, असे कोणालाही वाटेल. पोरांनी मोबाईलवर बोटे चालवावीत आणि आईबापांनी ओरडावे, एवढाच आपला या विषयाशी संबंध! पण संगणकावरील खेळांचा अभ्यास ही आज जगातील अनेक विद्यापीठांत मान्य झालेली ज्ञानशाखा आहे. मार्च 2001 मध्ये कोपनहेगनला या विषयावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. 2003 साली युट्रेक्टला ‘डिग्रा’ या संशोधक संघटनेची पहिली परिषद झाली.

सुरुवातीचा वाद होता, खेळ म्हणजे गोष्ट की नियम? नियमांची बाजू घेणाऱ्यांत एस्पेन आर्सेथ हे नॉर्वेचे विद्वान आघाडीवर होते. लारा क्रॉफ्ट या गाजलेल्या नायिकेचे शरीर कसे आहे याला खेळाडूच्या लेखी महत्त्व नाही, खेळताना आपण त्या शरीराच्या आरपार पाहतो, असे त्यांनी 2004 मध्ये मांडले.

हा युक्तिवाद आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. ‘आम्ही जात मानत नाही, आम्हाला ती दिसतच नाही,’ असे सांगणारे आपल्याला कार्यालयात, महाविद्यालयात रोज भेटतात. ज्याचे शरीर, रंग किंवा आडनाव कधी कोणाच्या डोळ्यांत खुपले नाही, त्यालाच अशी आरपार नजर परवडते.

ऑगस्ट 2014 मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात स्नोबर्ड येथे ‘डिग्रा’ची परिषद झाली. शिरा चेस आणि एड्रियन शॉ या दोन संशोधिकांनी तेथे खेळांच्या जगातील अस्मिता आणि विविधता या विषयावर खुली चर्चा ठेवली. मधोमध मोजक्या खुर्च्या, भोवती श्रोते. ज्याला बोलायचे त्याने मध्ये येऊन बसायचे. चर्चेची टिपणे सर्वांना पाहता येतील अशी इंटरनेटवर लिहिली गेली. त्यानंतर ‘गेमरगेट’ हे वादळ उठले. स्त्रियांना धमक्या देणाऱ्या त्या झुंडीने हीच टिपणे पुढे करून, विद्यापीठातील स्त्रीवादी मंडळी खेळांचा धंदा ताब्यात घेण्याचा कट करीत आहेत, अशी आवई उठवली. 2015 मध्ये दोघींनी या प्रकारावर शोधनिबंधच लिहिला.

उघड्या दालनात, खुल्या खुर्चीवर बसून विचारलेला प्रश्न कट कसा ठरतो? प्रस्थापितांना प्रश्नाची नव्हे, विचारणाऱ्याची भीती वाटते. आपण प्रतिनिधित्व मागितले की आपणच ‘जातीयवादी’ ठरतो, तोच हा न्याय!

तरीही आर्सेथ यांच्या पंथाकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. खेळाचा खरा अर्थ नियमांत दडलेला असतो. अमेरिकेत 1904 साली लिझी मॅगी या बाईंनी ‘जमीनदाराचा खेळ’ या पटाचे पेटंट मिळवले, ते भाड्यावर मालक कसा गब्बर होतो हे लोकांना खेळता खेळता कळावे म्हणून. त्याच पटातून पुढे ‘मोनोपॉली’ आला आणि मूळ टीका बाजूला पडून मक्तेदारीचीच मौज उरली!

सापशिडीत निदान शिडी तरी असते. 31 जानेवारी 1920 रोजी ‘मूकनायक’च्या पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला मजल्यांच्या, पण शिडी नसलेल्या मनोऱ्याची उपमा दिली. नियम तपासण्याची दृष्टी त्यांनी आपल्याला शंभर वर्षांपूर्वीच दिली आहे. आपली मुले आज खेळ खेळतात, काही संगणकाच्या आज्ञावलीही लिहितात. त्यांनी अशा परिषदांतील मधल्या खुर्चीवर जाऊन बसले पाहिजे. कारण दुसऱ्याने केलेल्या नियमांवर जिंकणे म्हणजे मुक्ती नव्हे. नियम बदलणे म्हणजे मुक्ती!