पडद्यामागील वृत्तनिर्माता

“आजोबा, मला वृत्तनिर्माती व्हायचें आहे,” असें आमच्या नातीनें परवां जाहीर केलें आणि घरांत एकच गलका झाला. तिच्या आजीस वाटलें, नात आतां रोज सायंकाळीं पडद्यावर दिसणार. चिरंजीवांस वाटलें, बँकेची परीक्षा सोडून पोरगी आरडाओरड्याच्या बाजारांत चालली. दोघांचाही समज अपुरा होता, आणि आमचाही. म्हणून एका वृत्तवाहिनींत निर्माता असलेल्या आमच्या जुन्या विद्यार्थ्याकडे आम्ही मुद्दाम जाऊन आलों.

निवेदक दिसतो, निर्माता दिसत नाहीं. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. तेथून बातम्या सांगणाऱ्या स्मिता पाटील, प्रदीप भिडे यांस घरोघर लोक ओळखूं लागले. परंतु त्यांच्या हातांतील कागदांचा क्रम कोणी लावला, हें किती जणांनीं विचारलें? अर्ध्या तासाच्या बातमीपत्रांतून जाहिराती वजा जातां वीस-बावीस मिनिटें उरतात. पहिली बातमी कोणती, तिला किती सेकंद, सोबत चित्र कोणतें, हें सारें निर्माता ठरवितो. या टिपणास ‘रनडाऊन’ म्हणतात. पुढें नियंत्रणकक्षांत बसून निवेदकाच्या कानांतील यंत्राद्वारें तो सूचना देत असतो. मध्येंच मोठी घटना घडली, कीं सारें टिपण मोडून नवें मांडावयाचें.

या पदावर कोणी एकदम चढत नाहीं. पदवीनंतर पुण्याचें रानडे इन्स्टिट्यूट, किंवा १९६५ मध्यें दिल्लीस स्थापन झालेली भारतीय जनसंचार संस्था, येथें पत्रकारितेचें शिक्षण मिळतें. मग उमेदवारी, बातम्यांचें लेखन, चित्रसंकलन आणि साहाय्यक निर्मात्याचें काम, अशा पायऱ्या आहेत. पाळी रात्रीची किंवा पहाटेची. सणाची सुटी हमखास बुडते. आरंभीं वेतन बेताचें.

परंतु खरी कसोटी निराळीच आहे. नोव्हेंबर २००८ मध्यें मुंबईवर हल्ला झाला, तेव्हां कमांडोंच्या हालचाली वाहिन्यांनीं थेट दाखविल्या. आणि सीमेपलीकडील सूत्रधार तींच दृश्यें पाहून हल्लेखोरांस सूचना देत होते. सर्वोच्च न्यायालयानें २०१२ च्या निकालांत या प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले. २०१५ पासून अशा कारवाईच्या थेट प्रक्षेपणास नियमानेंच मनाई आहे. पण प्रत्येक मोहास नियम कोठवर पुरणार?

आमच्या विद्यार्थ्यानें स्वतःचा एक अनुभव सांगितला. एके रात्रीं एका वृद्ध कलावंताच्या निधनाची वार्ता आली. दोन वाहिन्यांनीं ती झळकविलीही. “आपल्याकडे कां नाहीं?” असें वरिष्ठ दूरध्वनीवरून विचारूं लागले. यानें मात्र कुटुंबियांशीं बोलणें होईपर्यंत ती रोखून धरली. वीस मिनिटांनीं त्या कलावंताची सून म्हणाली, “बाबा जेवायला बसले आहेत.” हें सांगून आमचा विद्यार्थी क्षणभर थांबला व म्हणाला, “पण सर, वार्ता खरी ठरली असती, तर दुसऱ्या दिवशीं मी नोकरींत असतों कीं नाहीं, कोण जाणे.”

न्यायशास्त्र शब्दास प्रमाण मानतें, पण तो आप्ताचा शब्द असला तरच. म्हणजे जो यथार्थ जाणतो व तसेंच सांगतो, त्याचा. लाखों घरें ज्याच्या शब्दावर विसंबतात, त्यास हें आप्तत्व नोकरी पणास लावून सांभाळावें लागतें.

घरीं येऊन आम्हीं चिरंजीवांस एवढेंच सांगितलें, कीं वेतनाची चौकशी मागाहून करूं; सारे धांवत असतां थांबण्याचें धैर्य मुलींत आहे कीं नाहीं, तें आधीं पाहूं. ज्या घरांत असा प्रश्न निघेल, तेथील वडील मंडळींनींही हेंच पाहावें, असें आमचें मत आहे. नातीनें प्रवेशपरीक्षेची तयारी आरंभिली आहे. आजीची अट एकच : गौरीजेवणाच्या दिवशीं पाळी असली, तरी नैवेद्य होईपर्यंत घर सोडावयाचें नाहीं.