विश्लेषण : सुरक्षेसाठी घेतलेले प्लगइनच धोक्याचे ठरले तर? वेबसाइटसाठी प्लगइन निवडताना काय पाहावे?

वेबसाइट सुरक्षित राहावी म्हणून एखादे प्लगइन बसवावे आणि त्याच प्लगइनमुळे ती हॅकर्ससाठी खुली व्हावी, असा प्रकार नोव्हेंबर २०२४ मध्ये समोर आला. ‘रिअली सिंपल सिक्युरिटी’ हे प्लगइन तेव्हा ४० लाखांहून अधिक वेबसाइट्सवर होते. त्यातील त्रुटीला १० पैकी ९.८ इतके गंभीरतेचे गुणांकन मिळाले. मग प्लगइन निवडायचे तरी कसे?

प्लगइन म्हणजे काय?

वर्डप्रेस हे वेबसाइट तयार करण्याचे मोफत सॉफ्टवेअर २००३ मध्ये आले. आज जगातील ४० टक्क्यांहून अधिक वेबसाइट्स त्यावर चालतात. होमस्टे, क्लासेस, दवाखाने यांच्या छोट्या वेबसाइट्सही अनेकदा त्यावरच असतात. मूळ सॉफ्टवेअरमध्ये नसलेली सोय, म्हणजे चौकशीचा फॉर्म, फोटो गॅलरी, ऑनलाइन पेमेंट, प्लगइनमुळे मिळते.

हे मोबाइलमधील ॲपसारखेच वाटते. पण एक मोठा फरक आहे. ॲप कॅमेरा किंवा कॉन्टॅक्ट्ससाठी परवानगी मागते. वर्डप्रेसमध्ये प्लगइनला अशी वेगळी परवानगी लागत नाही. ते सुरू केले की त्याचा कोड वेबसाइटच्या फाइल्स आणि डेटाबेसपर्यंत पोहोचू शकतो. त्यामुळे प्लगइन निवडणे म्हणजे ते बनवणाऱ्यावर विश्वास टाकणे.

चूक कुठे होते?

‘रिअली सिंपल सिक्युरिटी’मधील त्रुटी दुहेरी पडताळणीच्या सुविधेत होती. पडताळणी फसली तरी कोड पुढे चालत राही आणि लॉगिन होऊन जाई. म्हणजे ही जादा सुरक्षा सुरू करणाऱ्यांनाच धोका होता. ९.१.२ या आवृत्तीत दुरुस्ती झाली आणि ती वेबसाइट्सवर आपोआप पोहोचवण्यात आली.

सप्टेंबर २०२० मध्ये ७ लाखांहून अधिक वेबसाइट्सवरील ‘फाइल मॅनेजर’ प्लगइनमध्ये अशीच घटना घडली. त्यात राहून गेलेल्या एका फाइलमुळे लॉगिन न करताही कोणालाही सर्व्हरवर फाइल टाकता येत होती. असे प्लगइन कधीतरीच वापरले जाते, पण वेबसाइटवर वर्षभर पडून राहते.

२०१७ मधील ‘डिस्प्ले विजेट्स’चे प्रकरण वेगळे होते. सुमारे २ लाख वेबसाइट्सवरील हे प्लगइन विकले गेले आणि नव्या मालकाने त्यात वेबसाइटवर स्पॅम मजकूर टाकणारा कोड घातला. लॉगिन केलेल्या वेबसाइटमालकाला तो मजकूर दिसतच नसे.

निवडताना काय तपासावे?

• गरज आहे का? एसएसएल आणि बॅकअप अनेक होस्टिंग कंपन्याच देतात. त्यासाठी वेगळे प्लगइन लागतेच असे नाही.

• शेवटचे अपडेट कधीचे? वर्डप्रेसच्या अधिकृत संग्रहात प्रत्येक प्लगइनच्या पानावर शेवटच्या अपडेटची तारीख, वापरणाऱ्या वेबसाइट्सची संख्या आणि वर्डप्रेसच्या कोणत्या आवृत्तीपर्यंत चाचणी झाली, हे दिलेले असते. गेल्या तीन मोठ्या आवृत्त्यांवर चाचणी झाली नसल्याची सूचना दिसली, तर ते टाळावे.

• प्रश्नांना उत्तरे मिळतात का? त्याच पानावरील ‘सपोर्ट’ विभाग पाहावा. तक्रारी महिनोन्‌महिने अनुत्तरित असतील, तर निर्माता लक्ष देत नाही असे समजावे.

• फुकटात ‘प्रो’ नको. पैसे देऊन घ्यायच्या प्लगइनच्या ‘नल्ड’ म्हणजे पायरेटेड प्रतींमधून मालवेअर पसरवले जाते.

• सुरक्षेचे एकच पुरे. दोन फायरवॉल एकमेकांच्या कामात अडथळा आणू शकतात. कधी मालकच बाहेर अडकतो.

मोफत की पैसे देऊन?

‘वर्डफेन्स’चे फायरवॉल मोफत आवृत्तीतही मिळते, मात्र नव्या धोक्यांवरील नियम मोफत वापरकर्त्यांना ३० दिवस उशिरा मिळतात. ‘सुकुरी’चे मोफत प्लगइन तपासणी आणि नोंदी ठेवण्याचे काम करते, तिचे फायरवॉल मात्र सशुल्क आहे. ते वेबसाइटच्या सर्व्हरवर येण्याआधीच संशयास्पद ट्रॅफिक अडवते. वेबसाइटवर ऑर्डर किंवा ग्राहकांची माहिती जमा होत असेल, तर या खर्चाचा विचार करावा.

बसवल्यानंतर काय?

प्लगइन नुसते बंद केले तरी त्याच्या फाइल्स सर्व्हरवर राहतात. त्यामुळे नको असलेले प्लगइन डिलीट करावे. ऑगस्ट २०२० मधील ५.५ या आवृत्तीपासून प्लगइन आपोआप अपडेट करण्याची सोय वर्डप्रेसमध्येच आहे. ती सुरू ठेवावी. अपडेटमुळे कधी वेबसाइट बिघडू शकते, म्हणून बॅकअपची एक प्रत सर्व्हरबाहेर हवीच.

वेबसाइट दुसऱ्याकडून करून घेतली असेल, तर त्याला आजच दोन प्रश्न विचारा : वेबसाइटवर कोणकोणती प्लगइन्स आहेत आणि ती अपडेट कोण करते? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही, तर नवे सुरक्षा प्लगइन घेण्याआधी ते काम कोणाकडे तरी सोपवा.