भाव बदलला, बातमी तीच!

समजा, चिखली तालुक्यातल्या अमडापूरच्या बातमीदाराने सकाळी सोयाबीनचा भाव संकेतस्थळावर टाकला. दुपारी आकडा चुकल्याचं लक्षात आलं, त्याने तो दुरुस्त केला. पण सकाळीच ज्यांच्या मोबाइलवर बातमी पोचली, त्यांना हे कळणार कसं? जुन्या आकड्यावर विसंबून कुणी माल गाडीत भरला तर?

इथे 'फीड' कामाला येतं. फीड म्हणजे संकेतस्थळाने ॲपसाठी मांडून ठेवलेली ताज्या बातम्यांची यादी. तिचे रकाने ठरलेले: मथळा, दुवा, वेळ, सारांश. वाचकाचं ॲप ठरावीक वेळाने यादी तपासतं आणि नवं ते उचलतं.

यादी लिहिण्याच्या दोन पद्धती रूढ आहेत. आरएसएस १९९९ मध्ये नेटस्केप कंपनीत जन्मली. भारतीय वंशाचे संगणकशास्त्रज्ञ रामनाथन गुहा तिच्या जनकांपैकी एक. पुढे तिला फाटे फुटले आणि २००२ मध्ये आरएसएस २.० आली. दुसरी पद्धत ॲटम. इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफने ती डिसेंबर २००५ मध्ये प्रसिद्ध केली.

आरएसएस २.० मध्ये मथळा किंवा सारांश यांपैकी एक असला की बातमी ग्राह्य. ओळखखूण आणि वेळ ऐच्छिक. ॲटममध्ये प्रत्येक बातमीला कायमची ओळखखूण आणि शेवटच्या बदलाची वेळ सक्तीची. खूण तीच आणि वेळ नवी दिसली, की ॲपला समजतं: बातमी जुनीच, मजकूर सुधारलेला. अमडापूरचा दुरुस्त भाव असा पोचतो.

मराठीसाठी ॲटमचा आणखी एक फायदा आहे. आरएसएसच्या तारखेत महिना इंग्रजी तीन अक्षरांतच लागतो. तिथे 'ऑक्टोबर' छापलं गेलं, तर ॲप अडखळतं. ॲटमची तारीख आकड्यांत असते, भारतीय वेळेसाठी शेवटी +०५:३० जोडलं की झालं.

लिपीची काळजी मात्र दोन्हीकडे घ्यावी लागते. यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत 'अमडापूर' ही सात चिन्हं, प्रत्येकी तीन बाइट, म्हणजे २१ बाइट. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला मजकूर फीडमध्ये गेला, की वाचकापुढे निरर्थक रोमन अक्षरं उमटतात.

पॉडकास्ट काढायचा असेल तर आरएसएस २.० च घ्या. पॉडकास्टची ॲप्स तिच्यावरच उभी आहेत. लिखित बातम्यांसाठी ॲटम सरस. तालुक्याच्या बातम्या देणाऱ्या तरुणांनो, पद्धत कोणतीही निवडा, पण बातमी सुधारताना तिची ओळखखूण बदलू नका. चुकीचा आकडा जिथवर गेला, तिथवर बरोबर आकडाही गेलाच पाहिजे.