लाल बिल्ल्याचा पक्ष

भारतात राजकीय पक्षाची नोंदणी करायची तर निवडणूक आयोगाकडे पक्षाची घटना द्यावी लागते आणि तिच्यात समाजवादावर निष्ठा असल्याचं कलम लागतंच. १९८९ पासून लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या २९-अ कलमात ही अट आहे. बहुतेक पक्षांनी हे वाक्य रेशनकार्डाच्या अर्जावर सही ठोकावी तसं लिहून दिलं. पंचाईत झाली ती सरकारनं शेतीतून आणि धंद्यातून हात काढून घ्यावा, एवढंच सांगायला उभ्या राहिलेल्यांची. महाराष्ट्रात अशांचा एक पक्ष आहे, स्वतंत्र भारत पक्ष. शरद जोशींनी तो १९९४ साली काढला. त्यांच्याच शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला छातीवर लावणारे पाईक हेच त्याचे कार्यकर्ते.

नाव उसनं नव्हतं, वारशानं आलेलं होतं. जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात सहकारी सामुदायिक शेतीचा ठराव झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राजाजी, मिनू मसानी, एन. जी. रंगा, कन्हैयालाल मुन्शी मुंबईत जमून स्वतंत्र पक्ष घेऊन उभे राहिले. 'परमिट-लायसन्स राज' हा शब्दप्रयोग राजाजींचा. १९६७ साली लोकसभेत या पक्षाच्या ४४ जागा होत्या आणि विरोधकांत तो सर्वांत मोठा होता. १९७१ साली आठ उरल्या, १९७४ साली तो चरणसिंगांच्या पक्षात विरला. महाराष्ट्रातल्या मूठभरांनी मात्र विलीन व्हायला नकार दिला. त्यांच्यातल्याच एस. व्ही. राजूंनी पुढे १९९६ साली समाजवादाच्या अटीविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. ती वर्षानुवर्षं पडून राहिली.

राजे-महाराजांचा आणि शेठजींचा पक्ष, अशी स्वतंत्र पक्षाची टिंगल व्हायची, आणि ती अगदीच खोटी नव्हती. जोशींचं तसं नव्हतं. टपाल खात्यातली नोकरी, मग स्वित्झर्लंडमध्ये बर्नला जागतिक टपाल संघटनेतली वर्षं, आणि ते सगळं सोडून चाकणजवळ आंबेठाणला घेतलेली कोरडवाहू जमीन. तिथे काकडी लावली, बाजारात पाठवली, तर दलालाकडून उलटी पट्टी आली. म्हणजे माल विकूनही हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाता शेतकऱ्याकडेच येणं निघालं. शेतीत हे इतकं नेहमीचं की कुणी त्याचा सिद्धांत केला नव्हता. जोशींनी केला. १९७८ साली चाकणला कांद्याचं आंदोलन झालं आणि 'भीक नको, हवे घामाचे दाम' गावोगाव पोचलं.

घोषणा भावाची होती, पण खालचा झरा वेगळा होता, असं मला वाटतं. विदर्भातल्या कापसाचं उदाहरण घ्या. १९७१ च्या कायद्यानं राज्यात एकाधिकार खरेदी आली. कापूस तुमचा, रान तुमचं, बियाणं उधारीचं. पण वेचलेली बोंडं सरकारच्या संकलन केंद्राखेरीज कुणाला विकायची नाहीत. केंद्रावर बैलगाड्यांची रांग, ग्रेडर म्हणेल ती प्रत, आणि चुकारे मिळतील तेव्हा मिळतील. राज्याच्या हद्दीपलीकडे भाव चढा असला तरी गाडी न्यायची नाही. नेली तर नाक्यावर पोलीस अडवणार. उसाला कारखान्याची झोनबंदी, धान्याला लेव्ही. स्वातंत्र्य हा पुस्तकातला विषय नसून नाक्यावर अडवलेली गाडी आहे, हे या माणसांना कुणी शिकवावं लागलं नाही. 'सरकार समस्या क्या सुलझाए, सरकार खुद समस्या है' ही घोषणा त्यांना म्हणूनच लगेच पटली. घरातही हाच न्याय लावायला जोशी कचरले नाहीत. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचं प्रचंड अधिवेशन झालं आणि पुढे लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात कुणाच्या कायद्याची वाट न पाहता नवऱ्यांनी बायकांच्या नावावर जमिनी केल्या.

आता पक्षाचं. चळवळीच्या सुरुवातीला जोशी जाहीर सभांतून सांगत, मत मागायला आलो तर जोड्यानं मारा. पुढे ते स्वतःच मतं मागायला आले. विरोधकांनी हे वाक्य त्यांना शेवटपर्यंत ऐकवलं, आणि ऐकवणं रास्तही होतं. वि. प्र. सिंगांच्या काळात जोशींनी कृषी सल्लागार समितीचं अध्यक्षपद कॅबिनेट दर्जासह घेतलं, वाजपेयींच्या काळात कृषी कार्यबलाचं घेतलं. सरकार हीच समस्या म्हणणाऱ्यानं सरकारी गाडीत बसावं, हे अनेक पाइकांनाही पचलं नाही. भाजप-सेनेशी जवळीक झाल्यावर संघटनेतले राजू शेट्टी बाहेर पडले आणि त्यांनी स्वाभिमानी शेतकरी संघटना काढली. ऊस पट्ट्यातला तरुण त्यांच्यामागे गेला.

रस्त्यावर लाखो आणि पेटीत हजार, असा हिशेब राहिला. १९९० साली संघटनेची माणसं जनता दलाच्या चिन्हावर विधानसभेत गेली होती. स्वतःच्या पक्षाला मात्र २००४ साली एकच आमदार मिळाला, चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याचे ॲड. वामनराव चटप. २०१९ ला ते तिथेच सुमारे अडीच हजार मतांनी पडले. कारण गूढ नाही. उमेदवार गावात आला की लोक विचारतात, तुम्ही काय देणार? सभामंडप, विहीर, अनुदान? हे म्हणणार, आम्ही काही देणार नाही, जे घेतलं जातंय ते थांबवू. ऐकणारा मान डोलावतो आणि मत सभामंडपवाल्याला देतो. त्याला मूर्ख म्हणण्यात अर्थ नाही. शंभर वस्तूंवर सरकारचा ताबा असलेल्या देशात सरकारशी सलगी ठेवणं हाच त्याच्यापुरता शहाणपणा असतो.

जोशी २००४ ते २०१० राज्यसभेत होते. समाजवादाची अट काढण्यासाठी त्यांनी खासगी विधेयक आणलं. ते मंजूर झालं नाही. ९ मार्च २०१० रोजी महिला आरक्षण विधेयक १८६ विरुद्ध १ मतांनी मंजूर झालं, तो एक म्हणजे जोशी. चांदवडचा माणूस बायकांच्या विरोधात गेला, अशी टीका झाली. त्यांचा आक्षेप फिरत्या मतदारसंघांवर होता. पुढच्या खेपेला जागा राखीव राहणार नसेल तर ती बाई तिथे मुळं कशाला रुजवेल? मुद्दा चुकीचा ठरवता येईल, संधिसाधू ठरवता येणार नाही.

जोशी २०१५ साली गेले. पुढे पक्षाची धुरा अनिल घनवटांकडे आली. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहाँगीरला पाइकांनी परवानगी नसलेलं तणनाशक-सहनशील कपाशीचं बियाणं जाहीरपणे पेरलं. बियाणं निवडायचा हक्क आमचा, एवढंच म्हणणं. वर्षभरात, जून २०२० मध्ये, केंद्र सरकारचे तीन कृषी अध्यादेश आले आणि पुढे त्यांचे कायदे झाले. साठ्यावरची बंधनं सैल करणं, बाजार समितीबाहेर विक्री, चाळीस वर्षांच्या मागण्याच जणू. पण सप्टेंबरात त्याच सरकारनं कांद्याची निर्यात बंद केली आणि ऑक्टोबरात साठ्यावर मर्यादा घातली, घाऊक व्यापाऱ्याला २५ टन, किरकोळाला दोन. कायदे कागदावर मोकळे आणि कांदा कोंडलेला. या कायद्यांसाठी नेमलेल्या सर्वोच्च न्यायालयाच्या समितीत घनवट बसले, मार्च २०२१ मध्ये अहवाल दिला, तो कुणी उघडेना म्हणून वर्षानं त्यांनीच जाहीर केला. तोवर कायदे मागे घेतले गेले होते.

डिसेंबर २०२३ मध्ये कांद्यावर पुन्हा निर्यातबंदी आली. या वेळी राग मतपेटीत उतरला आणि २०२४ च्या लोकसभेला दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार पडल्या. जागा गेली शरद पवारांच्या पक्षाकडे. खुद्द पवार कृषिमंत्री असताना, सप्टेंबर २०११ मध्ये, कांद्याची निर्यात बंद झालीच होती.