मांजरामुळे शिंका येतात? दोष केसांचा नाही!

नाशिकच्या निफाड तालुक्यातलं सायखेडा असो किंवा गोदाकाठचं दुसरं एखादं गाव, शेतकऱ्याच्या घरात मांजर असतंच. धान्याजवळ उंदीर फिरकू नये हा त्यामागचा साधा हिशोब. पण तेच मांजर मांडीवर येऊन बसलं की घरातल्या एखाद्याला शिंका सुरू होतात, डोळे लाल होतात. मग सगळे म्हणतात, "याला मांजराच्या केसांची अ‍ॅलर्जी आहे."

खरं तर केस हे फक्त वाहन आहे. त्यावर बसून येणारा प्रवासी वेगळाच आहे.

नेमकी अ‍ॅलर्जी कशाची?

'फेल डी १' नावाच्या प्रथिनाची. मांजराची अ‍ॅलर्जी असलेल्या बहुतेकांचं शरीर याच प्रथिनाला शत्रू समजतं. त्याच्याशी लढताना हिस्टामिन हे रसायन बाहेर पडतं आणि शिंका, खाज, नाक गळणं सुरू होतं.

ते येतं कुठून?

मुख्यतः तीन ठिकाणांहून: त्वचेतल्या तेलग्रंथी, लाळग्रंथी आणि गुदद्वाराजवळच्या ग्रंथी. मांजर दिवसभर अंग चाटतं, त्यामुळे लाळ केसांवर वाळते. ती आणि त्वचेचा बारीक कोंडा हवेत मिसळतो. हे कण इतके हलके असतात की बराच वेळ तरंगत राहतात.

बोका की मांजरी?

नसबंदी न केलेल्या बोक्यात हे प्रथिन सहसा जास्त असतं, कारण त्याचं प्रमाण नर संप्रेरकावर अवलंबून असतं. नसबंदीनंतर ते कमी होतं.

केस कापले किंवा मांजर सोडून दिलं तर?

केस कापून प्रश्न सुटत नाही. जवळपास केस नसलेल्या स्फिंक्स जातीच्या मांजरांतही हे प्रथिन असतं. मांजर घराबाहेर गेलं तरी गाद्या, पडदे, गोधड्यांत ते काही महिने टिकतं. त्यामुळे 'मांजर दिलं, तरी शिंका थांबल्या नाहीत' म्हणून लगेच निष्कर्ष काढू नका.

मग करायचं काय?

मांजराला झोपायच्या खोलीत येऊ देऊ नका. चादरी गरम पाण्यात धुवा. त्याला हात लावल्यावर डोळे चोळण्याआधी हात धुवा. मात्र छातीत घरघर होत असेल किंवा दम लागत असेल, तर घरगुती उपायांवर थांबू नका. तो दमा असू शकतो. डॉक्टरांकडे जा.