रिकाम्या बसलेल्या चिपचं काम

बहुतेक गेमिंग लॅपटॉपमध्ये चित्र काढणाऱ्या दोन चिप असतात. एक म्हणजे स्वतःची मेमरी असलेलं ताकदवान ग्राफिक्स कार्ड. दुसरी प्रोसेसरमध्येच सामावलेली, इंटिग्रेटेड. गेम सुरू झाला की सगळा भार पहिलीवर पडतो आणि दुसरीची गणनशक्ती जवळजवळ वाया जाते. तिलाही कामाला लावावं ही धडपड जुनी आहे. या धडपडीला खरं यश आलं ते अलीकडे, आणि तेही स्टीमवर मिळणाऱ्या ‘लॉसलेस स्केलिंग’ या स्वस्त, आटोपशीर सॉफ्टवेअरमुळे. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण यात नवं कार्ड विकत न घेता घरातलंच यंत्र पूर्ण वापरलं जातं.

दोन चिपना एकत्र जुंपायचे आधीचे प्रयत्न एकाच चित्राची किंवा एकाच गेमची वाटणी करायचे. १९९८ मध्ये थ्रीडीएफएक्सची दोन व्हूडू २ कार्डं पडद्यावरच्या ओळी एकाआड एक वाटून घेत. २००४ ची एनव्हिडियाची एसएलआय आणि पुढच्या वर्षीची प्रतिस्पर्धी कंपनीची क्रॉसफायर यांत कार्डं बहुधा आळीपाळीनं एकेक फ्रेम काढत. दोघांची ताकद सारखी नसेल तर ताळमेळ बिघडे, फ्रेमचा आकडा वाढे, पण खेळताना चित्र अडखळे. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टनं डायरेक्टएक्स १२ वापरून एनव्हिडियाच्या कार्डाबरोबर इंटेलच्या इंटिग्रेटेड चिपला चित्रावरचे शेवटचे संस्कार करायला दिले. वेग सेकंदाला ३५.९ फ्रेमवरून ३९.७ वर गेला. कल्पना उत्तम होती, पण प्रत्येक गेम बनवणाऱ्यानं त्यासाठी वेगळा कोड लिहायला हवा होता. तो फारच थोड्यांनी लिहिला.

फ्रेम जनरेशनमुळे ही अट काढून टाकणं शक्य झालं. गेमनं काढलेल्या दोन फ्रेम शेजारी ठेवायच्या, चित्रातला कोणता भाग कुठून कुठे सरकला याचा अंदाज घ्यायचा आणि मधली फ्रेम तयार करायची. एनव्हिडियाचं २०२२ चं डीएलएसएस ३ यासाठी गेमकडून हालचालीची माहिती घेतं आणि त्याला आरटीएक्स ४० किंवा त्यापुढच्या मालिकेचं कार्ड लागतं. लॉसलेस स्केलिंगमध्ये ही सोय २०२३ मध्ये आली. ते फक्त तयार चित्र बघतं. गेमचा नकाशा, पोत, प्रकाश यांपैकी काहीच त्याला लागत नाही, म्हणूनच हे काम उचलून दुसऱ्या चिपकडे देता येतं.

फायदा नेमका इथे आहे. एकाच कार्डानं दोन्ही कामं केली तर मूळ फ्रेम कमी होतात. समजा ६० च्या ५० झाल्या, तर दुप्पट करून १२० ऐवजी १०० च मिळतात आणि हाताला जाणवणारा विलंबही वाढतो. मधल्या फ्रेमचं काम दुसऱ्या चिपनं घेतलं तर मोठं कार्ड आपल्या ६० बहुतांशी राखतं.

जोडणी मात्र नीट समजून घ्यायला हवी. डेस्कटॉपवर मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डच्या पोर्टात लावायची. तसं केलं नाही तर फ्रेम इंटिग्रेटेड चिपकडे जाऊन पुन्हा कार्डाकडे परततात. मग विंडोजमध्ये गेमसाठी मोठं कार्ड निवडायचं आणि लॉसलेस स्केलिंगमध्ये दुसरी चिप. अनेक लॅपटॉपमध्ये पडदा मुळातच इंटिग्रेटेड चिपला जोडलेला असतो. फ्रेम इंटिग्रेटेड चिपमधून नेणारा हा वळसा वेगासाठी खेळणारे एरवी बंद करतात, तोच इथे उपयोगी पडतो.

कार्डाकडून दुसऱ्या चिपकडे जाणाऱ्या या वाटेवरून किती ओझं जातं? १९२० बाय १०८० ची एक फ्रेम, एका पिक्सेलला ४ बाइट धरून, सुमारे ८३ लाख बाइटची. सेकंदाला ६० म्हणजे अर्धा गीगाबाइट. ४के ला चौपट, म्हणजे दोन गीगाबाइट. चार लेनच्या पीसीआय एक्सप्रेस ३.० ची क्षमता जेमतेम चार गीगाबाइट असते, त्यामुळे एचडीआर किंवा जास्त वेग मागितला की वाट तुंबते.

खरी अडचण चिपच्या ताकदीची. रेडिऑन ६८०एम किंवा ७८०एमसारखी चिप १०८०पी पेलू शकते. रायझन ७००० च्या डेस्कटॉप प्रोसेसरमधली दोनच गणन-एककांची चिप पडदा दाखवण्यापुरतीच असते, तिच्याकडून ही अपेक्षा करणं अन्यायाचं. इंटिग्रेटेड चिप प्रोसेसरचीच रॅम वापरते, म्हणून रॅमचा वेग महत्त्वाचा, आणि तिची एकच पट्टी असेल तर आधी दुसरी बसवावी. पातळ लॅपटॉपमध्ये दोन्ही चिपची उष्णता त्याच पंख्यांवर पडते, तेव्हा मोठ्या कार्डाचा वेग उलट घटूही शकतो. चिप धापा टाकत असेल तर लॉसलेस स्केलिंगमधला ‘फ्लो स्केल’ खाली आणावा. हालचालीचा अंदाज लहान चित्रावर घेतला जातो आणि भार हलका होतो, थोडी सफाई जाते.

सफाई तशीही पूर्ण नसते. गेमकडून काहीच माहिती न मिळाल्यामुळे पळणाऱ्या पात्राच्या कडेला चित्र विरघळतं, स्थिर असलेले आकडे आणि नकाशे मागच्या हालचालीबरोबर थरथरतात. शिवाय मधली फ्रेम काढायला पुढची हातात यावी लागते, म्हणून ती रोखून धरावी लागते. ६० च्या वेगाला दोन फ्रेममध्ये १६.७ मिलिसेकंदांचं अंतर असतं, ३० ला ३३.३. त्यामुळे ३० वर रखडणारा गेम यानं वाचत नाही. आधी सेटिंग उतरवून तो ५०-६० वर आणावा. निवांत फिरायच्या, कथेच्या गेमला ही जोडी शोभते. काउंटर-स्ट्राइकसारखा चपळाईचा गेम खेळताना ती बंदच ठेवावी.